सतरावा रकाना

राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माहेर भंडाऱ्याचं, सासर भिलाईतल्या कोहक्याचं आणि नोकरी पंचिंगची. पारा चढायला तिन्हीकडे कारणं भरपूर. पण चौऱ्याऐंशी साली आमच्या ऑफिसात जे घडलं, त्यात रागवायचं कुणावर हेच मला बरेच दिवस कळलं नाही.

ऑफिसचं नाव नगर सर्वेक्षण कक्ष. भिलाईत कोण कुठून आलं, घरात माणसं किती, पाणी नळाचं की हँडपंपाचं, असे चाळीस प्रश्न घरोघर जाऊन विचारायचे आणि उत्तरं कॉम्प्युटरात भरायची. चार हजार दोनशे घरं झाली. एका घराचा एक फॉर्म, एका फॉर्मचं एक जाड कागदाचं कार्ड, आणि एका कार्डावर ऐंशी रकाने. मी मशीनवर बसून त्या रकान्यांत भोकं पाडायची. दिवसाला चारशे कार्डं, आणि चूक शोधून दाखवा म्हणून पैज लावायची. कुणी लावत नसे.

कार्डावर शब्द नसायचे, नुसते आकडे. पहिले चार रकाने फॉर्मच्या नंबराचे. मग मूळ राज्य, मग जिल्हा, असं करत करत सतराव्या रकान्यात घरात बोलली जाणारी भाषा. हिंदी एक, छत्तीसगढी दोन, तेलुगू तीन, बंगाली चार, मल्याळी पाच, पंजाबी सहा, मराठी सात, इतर आठ. ओडिया लोक इतरांत गेले म्हणून त्यांनी अर्ज दिला होता. तो अर्जही इतर कागदांत गेला. आणि नऊ म्हणजे माहिती नाही.

कोणत्या उत्तराला कोणता आकडा, हे एका निळ्या वहीत लिहिलेलं होतं. ती वही आमच्या साहेबांनी, बाबाराव ढोबळ्यांनी, स्वतःच्या अक्षरात लिहिली होती आणि तिच्यावर त्यांचं लेकरापेक्षा जास्त प्रेम होतं. ढोबळेसाहेब मूळचे वर्ध्याचे. दिवसा कक्षाचे प्रमुख, संध्याकाळी मराठी स्नेह मंडळाचे अध्यक्ष. मंडळात मातृभाषेवर बोलायला लागले की समोरचा चिवडा मऊ पडायचा, पण भाषण संपायचं नाही.

कॉम्प्युटर चालवायचा अरुणकुमार. पाटण्याचा पोरगा, स्वभावानं गरीब. सांख्यिकीचं नवं पॅकेज शिकायला त्याला हैदराबादला पाठवलं होतं, आणि परत आल्यावर ऐकायला कुणी नसल्यामुळे तो मला शिकवायचा.

"मैडम, फाइल में दो चीज़ें रहती हैं," तो म्हणायचा. "एक तो आँकड़ों की चादर. एक लाइन में एक घर, एक खाने में एक सवाल. और चादर के सिरहाने छोटी-सी डिक्शनरी, कि सत्रहवाँ खाना भाषा का है और सात माने मराठी. डिक्शनरी गई तो चादर में खाली नंबर बचेंगे. भगवान भी नहीं पढ़ पाएँगे."

"और नौ?" मी विचारलं.

"नौ के आगे डिक्शनरी में लिखा है, छोड़ दो. मशीन उसे देखेगी, पर गिनेगी नहीं."

मला हा कारभार फार आवडला. सासरी मिठाचा डबा कुठे ठेवलाय हे विचारायला तीन बायकांना हाका माराव्या लागायच्या. इथे प्रत्येक गोष्टीला एक घर, आणि त्या घराला एक नंबर.

आता ज्यांचा जीव या फाइलीत अडकला होता, त्यांच्याबद्दल सांगते. कलावती, माझ्या थोरल्या जाऊ. थोरले दीर गेल्यापासून आमच्याच घरातल्या पुढच्या खोलीत राहायच्या. मी त्यांना बाई म्हणायची, कारण अख्खं कोहका त्यांना बाई म्हणायचं. सेक्टरातल्या एका शाळेत मराठीचा वर्ग होता, पहिली ते पाचवी एकाच खोलीत, आणि शिकवणाऱ्या एकट्या आमच्या बाई. तेरा वर्षं. तेराच्या तेरा वर्षं टेम्पररी. माझ्या लेकीला, रमाला, मात्र मी इंग्रजी शाळेत घातलं होतं. बाईंनी तेव्हा तिच्या पुस्तकांना कव्हरं घालून दिली होती.

मार्चमध्ये बाईंच्या शाळेत वरून पत्र आलं. नव्या सर्वेक्षणात ज्या भाषेची घरं शंभरापेक्षा कमी भरतील, त्या भाषेचा वर्ग जुलैपासून हिंदीत विलीन होईल आणि टेम्पररी शिक्षक मोकळे होतील. वर्गात मुलं किती आहेत, हे त्या पत्रात कुणी विचारलं नव्हतं. त्यासाठी कुणाला तरी शाळेपर्यंत चालत जावं लागलं असतं.

बाई ते पत्र वाचून हसल्या.

"अवो, शंभर घरं?" त्या म्हणाल्या. "मंडळाच्या हळदीकुंकवालेच तीनशे बाया येतेत. दरसाली तिळगूळ कमी पडते. तू कावून घाबरून राहिली?"

"मी कावून घाबरू?" मी म्हटलं. "कार्डं मीच पंच करून राहिली नं."

हे वाक्य मी ज्या तोऱ्यात बोलले होते, तो तोरा आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तक्ता छापून आला. लांबच लांब कागद, दोन्ही कडांना भोकं. हिंदी, दोन हजार शंभर आणि वर काही. छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, सगळे आपापल्या जागी. मी बोट फिरवत सातपाशी आले. मराठी, अकरा.

मी कागद उलटा करून पाहिला. मग सुलटा केला. अकराच होते.

कागद घेऊन तशीच साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, आणि मला शपथेवर सांगावंसं वाटतं की त्यांचा चेहरा खुलला.

"अकरा!" ते म्हणाले. "लांजेवारबाई, मराठी माणूस मागे पडतोय हे मी दहा वर्षं मंडळात ओरडून सांगतोय. कुणी ऐकलं? आता हातात आकडेवारी आली."

"पण साहेब, मंडळाचे सभासदच तीनशे चाळीस आहेत. ते कुठं गेले?"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले आणि खिशातून पेन काढून पुढच्या भाषणाच्या वहीत अकरा हा आकडा लिहून घेतला. दोनदा अधोरेखित केला.

घरी येऊन मी बाईंना सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. ऐकून त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि ते नीट बसलंय का हे बराच वेळ पाहत राहिल्या.

"तेरा वर्षं झाले फळ्यावर अ काढून राहिली मी," त्या म्हणाल्या. "आता घरी बसून कोठी काढू? भिताडावर?"

बाईंना रडताना मी दीर गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. पण संध्याकाळी भाजीत मीठ पडलं नाही, आणि त्यांनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी अरुणकुमारच्या उरावर जाऊन बसले. म्हटलं, मशीनला विचार, सतराव्या रकान्यात नऊ किती आहेत. तो म्हणाला, नऊ तर छपाईत येतच नाहीत. मी म्हटलं, येत नाहीत म्हणजे नाहीत का? माझ्याही घरी पाहुणे आले की मोडकी खुर्ची आम्ही मागच्या खोलीत नेतो, म्हणून ती खुर्ची नाहीशी होत नाही. त्यानं डोकं खाजवलं, नऊ सोडून द्या सांगणारं कार्ड गठ्ठ्यातून काढून टाकलं, आणि यंत्राला सांगितलं की नऊसुद्धा मोज, आणि मूळ राज्यासमोर मांड.

नऊ निघाले चारशे सहा. त्यांतले तीनशे बावन्न महाराष्ट्राचे. पुढच्या रकान्यांत जिल्हे: नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूर.

तेवढ्या खोलीत एअर कंडिशनर लावलेला होता, तरी मला घाम फुटला. कारण आता मला निळ्या वहीतला नियम आठवला. नियम क्रमांक अकरा: एका प्रश्नास दोन उत्तरे आढळल्यास नऊ पंच करावे. रकाना एका आकड्याचा, तिथे दोन आकडे बसणार कसे? आणि आमच्या लोकांनी दोन उत्तरं दिली होती. एकानं नाही, साडेतीनशे घरांनी.

तेलुगू माणसाला विचारा, घरात काय बोलता, तो तेलुगू म्हणून मोकळा होतो. मल्याळी तर प्रश्न पुरा होऊ देत नाही. आम्ही नागपूरकडची माणसं. दारात फॉर्म घेऊन हिंदी बोलणारा पोरगा उभा आहे, उन्हातान्हातून आलाय, त्याच्या तोंडावर नुसतं मराठी कसं सांगायचं? त्याला काय वाटेल? मग आम्ही त्याला बसवतो, पाणी देतो, आणि त्याच्या हिंदीत सांगतो, घर में मराठी है जी, हिंदी भी चलती है, अपने को सब चलता है. त्या बिचाऱ्यानं दोन्हींवर खूण केली. भाषेचा मान राखला, पाहुण्याचा राखला, आणि फाइलीतून स्वतःच बाहेर पडलो.

आणि ते साडेतीनशे नऊ पाडले कुणी? मी. दोन खुणा दिसल्या की हात आपोआप नऊवर जायचा. एकदाही थांबून वाटलं नाही की एवढे नऊ कसे काय येताहेत. मला फक्त दिवसाची चारशे कार्डं दिसत होती. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

साहेबांपुढे मी तक्ता ठेवला. त्यांनी तो वाचलाच नाही, नियम अकरावर बोट ठेवलं.

"नियम नियम असतो. आणि महाराष्ट्रातून आला म्हणजे घरात मराठीच बोलतो, हे कशावरून? पुरावा पाहिजे. मूळ फॉर्म आणा."

"द्या ना. कुठं आहेत?"

साहेब जरा खाकरले. "ते निकाली काढले. फाइल झाली आहे ना आता! एवढे गठ्ठे ठेवायचे कुठे? मागच्या महिन्यात रद्दीत दिले."

"सही कुणी केली?"

"मीच केली," साहेब म्हणाले, आणि मला वाटतं सही चांगली आली होती हेही त्यांना सांगायचं होतं.

म्हणजे पाहा. फाइलीत नुसता नऊ. तो नऊ दार बंद असलेल्या घराचा, की उत्तर न देणाऱ्याचा, की दोन भाषा सांगणाऱ्याचा, हे चादरीतही नाही आणि तिच्या उशाच्या डिक्शनरीतही नाही. ते फक्त फॉर्मवर होतं, आणि फॉर्म भिलाईतल्या पावर हाउस भागाच्या बाजारात फुटाणे बांधत होते.

रविवारी सकाळी मी बाईंना घेऊन पावर हाउसला गेले. रद्दीवाला केवलराम स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत बसायचा. त्यानं आम्हाला आधी वह्या विकायला आलेल्या मास्तरणी समजून भाव सांगितला. मग गोष्ट कळल्यावर डोळे मोठे केले.

"सरकारी कागज? ओला तो मैं बेच डारेंव, दीदी. एक हिस्सा बचे हे, पाछू मा देख लव."

बाकीचे कागद त्यानं विकून टाकले होते. मागे गोदामात पोत्यांच्या ढिगाखाली उरलेले आमचे गठ्ठे होते, साधारण तिसरा हिस्सा. बाईंनी पदर खोचला, एक पोतं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. परीक्षेच्या पेपरांसारखे फॉर्म लावायला सुरुवात केली. उजवीकडे दोन खुणांचे, डावीकडे बाकीचे. मधूनच वाचून हसायच्या.

"हे पाय," त्या म्हणाल्या. "शेऱ्यात लिहून ठेवलं पोट्ट्यानं. चाय पिलाई, पोहे खिलाए, भाषा दोनों बताई."

दुपारी दोनपर्यंत एकशे चोवीस फॉर्म निघाले. आणखी चार आम्ही बाहेरच्या फुटाणेवाल्याकडून सोडवले. त्यासाठी चार पुड्या घेऊन तिथेच उभ्यानं फुटाणे खावे लागले. एकशे अठ्ठावीस, आणि अकरा आधीचे. शंभराच्या वर. बाईंनी फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरला, आणि तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्या गठ्ठ्यात एक फॉर्म होता, ज्याच्यावर माझं लक्ष जरा उशिरा गेलं. नंबर तेवीसशे सोळा. कुटुंबप्रमुख श्यामराव लांजेवार, कोहका, नोकरी रेल्वेत, भिलाई-3 ला. माझेच यजमान. फॉर्मवाला पोरगा घरी आला त्या दिवशी ते ड्यूटीवर, मी ऑफिसात, बाई शाळेत. उत्तर देणाऱ्याचं नाव: रमा, मुलगी, वय तेरा. भाषेसमोर दोन खुणा. आणि शेऱ्यात त्या पोरानं तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते: हम लोग हिंदी बोलते हैं, मम्मी गुस्से में मराठी बोलती हैं.

बाईंनी खांद्यावरून वाचलं.

"ही पोरगी बी नं, काहीही सांगते," मी म्हटलं.

"खोटं नाई सांगितलं तिनं," बाई म्हणाल्या आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

आता राहिले साहेब. सोमवारी गठ्ठा टेबलावर ठेवला तरी ते हलले नाहीत. नियम अकरा, नियम अकरा, हेच पालुपद. म्हणाले, पुढचं सर्वेक्षण पाच वर्षांनी होणारच आहे, तेव्हा विचार करू. मला वाद घालायची गरज नव्हती, कारण वरून तिसरा फॉर्म मी मुद्दाम तिथे ठेवला होता. साहेबांनी चाळता चाळता तो उचलला.

बाबाराव ढोबळे, सेक्टर अमुक, क्वार्टर तमुक. भाषा: मराठी, हिंदी. शेऱ्यात: साहब ने कहा, बच्चों की अंग्रेज़ी भी लिख लो.

"हे तर माझं घर," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"मग फाइलीत मी कोण आहे?"

"तुम्ही नऊ आहात साहेब. माहिती नाही."

"माहिती नाही?" साहेब उभे राहिले. "बाबाराव ढोबळ्याची माहिती नाही? मंडळाचा अध्यक्ष मी! अन् मले मोजलंच नाई?"

एवढी वर्षं प्रमाण मराठी बोलणारे साहेब रागात सरळ वर्ध्याला पोचले. पाच मिनिटांत अरुणकुमारला बोलावणं गेलं. साहेबांनी फर्मान सोडलं की रकाना दोन आकड्यांचा करा. अरुणकुमार हात जोडून म्हणाला, सत्रहवाँ खाना चौड़ा किया तो अठारहवाँ खिसकेगा, फिर उन्नीसवाँ, पूरी चादर खिसक जाएगी, नल वाले घर हैंडपंप पर आ जाएँगे. मग ठरलं की एकशे अठ्ठावीस फॉर्मांचे नंबर कार्डांवर पाडायचे आणि यंत्राला सांगायचं, हे नंबर आले की नऊ पुसून सात लिही.

"आणि हिंदीचं काय साहेब?" मी विचारलं. "त्यांनी हिंदी पण सांगितली होती."

"हिंदी कुणी पळवून नेत नाही," साहेब म्हणाले आणि निळ्या वहीत नियम बारा लिहिला.

ती एकशे अठ्ठावीस कार्डं मी एका दुपारी पाडली. माझ्या नोकरीतलं एवढं सावकाश काम दुसरं नाही. नवा तक्ता आला: मराठी, एकशे एकोणचाळीस. जूनमध्ये बाईंच्या शाळेत पत्र पोचलं, वर्ग सुरू राहील. टेम्पररी तेवढी टेम्पररीच राहिली, पण बाईंना तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी वर्गात नवा फळा रंगवून घेतला आणि पहिल्याच दिवशी त्यावर अ काढला, असा ठळक की बाहेरच्या रस्त्यावरून दिसावा.

मंडळानं साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मातृभाषेचा वर्ग वाचवणारा लढवय्या, असं मानपत्रात लिहिलं. साहेब भाषणाला उभे राहिले, गहिवरले, आणि म्हणाले, "भाइयों और बहनों, हम मराठी लोग किसी से कम नहीं हैं." टाळ्या पडल्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही घरी आल्यावर आठवलं.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी बरी झोपले असते. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आमच्यासारखी साडेतीनशे घरं दोन खुणा करून बसली, मग पहिल्याच झटक्यात नुसती मराठी सांगणारी ती अकरा घरं कुणाची? एवढे उद्धट कोण निघाले? मी अरुणकुमारकडून त्यांचे नंबर काढून घेतले, रजिस्टरमधून नावं उतरवली, आणि यादी घेऊन बाईंच्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. मुलं व्हरांड्यात डबे खात होती.

बाईंनी यादी वाचली. वाचता वाचता एकेका ओळीवर मान डोलवत गेल्या.

"हा भाऊराव, रेल्वे फाटकावरचा गेटमन. हे तुळसाबाई, बंगल्यावर धुणीभांडी करते. हा नत्थू, पावर हाउसले हमाली करते. याच्या दोन पोरी हायत माझ्याकडं." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "हे तर सारे माझेच घरं हाय, वसुंधरा. अकरा घरं, चौदा लेकरं. तेवढेच येतेत वर्गात."

"आणि आपले ते एकशे अठ्ठावीस?"

"त्याइच्यातलं एक नाई," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "तुमची मशीन पहिल्या खेपेलेच बरोबर होती. ज्याच्या घरी बोलतेत तेवढेच मोजले तिनं."

मी व्हरांड्यात पाहिलं. चौदा मुलं डबे खात भांडत होती, खिदळत होती, सगळं मराठीत. नत्थूची धाकटी लोणचं नको म्हणून बहिणीवर रुसली होती. तिथून घरी येईपर्यंत माझ्या मनात राग होता, पण तो कुणाच्या नावावर टाकू ते कळेना. साहेब नऊ, तसे आम्हीही नऊ. रमाची शाळा मी निवडली होती. तिच्याशी हिंदीत बोलायचंही मीच ठरवलं होतं, मैत्रिणींत ती मागे पडू नये म्हणून. मराठी मी राखून ठेवली होती भांडण्यासाठी, दूध उतू जाण्यासाठी, परीक्षेत कमी मार्क आणण्यासाठी.

त्या संध्याकाळी मी ज्वारीच्या भाकरी थापल्या. रमाला आवडतात तशा पातळ, वर तुपाचं बोट. ती पलंगावर पाय दुमडून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. मी तिच्याजवळ गेले, केसांवरून हात फिरवला, आणि जितक्या मऊ आवाजात मला बोलता येतं तितक्या मऊ आवाजात म्हटलं,

"रमा, बाई माझी, चल नं जेवाले. गरम भाकर टाकली तुझ्यासाठी."

रमानं हातातली रंगाची पेन्सिल खाली ठेवली. नकाशा झटकन मिटला. माझ्याकडे पाहताना तिचा चेहरा पार उतरला होता.

"मैंने क्या किया, मम्मी?"